लेण्याद्रीला जाऊन आलात. कल्याणचा सुलसदत भेटला का?

गेल्या हिवाळ्यातला एक रविवार. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून मी सात नंबरच्या लेण्याबाहेर पॅड आणि प्रश्नावली घेऊन उभी होते. कल्याणहून आलेलं एक कुटुंब दर्शन घेऊन बाहेर आलं. आई, बाबा, आजी, सहावीतला मुलगा आणि त्याची धाकटी बहीण. मुलानं विचारलं, "बाबा, आत एवढ्या छोट्या छोट्या खोल्या कशाला?" बाबा म्हणाले, "पांडवांनी केल्यात. एका रात्रीत." मुलगा म्हणाला, "पण पांडव तर पाचच होते. खोल्या किती आहेत बघा की!" बाबा हसले. "चल, अजून ओझर व्हायचंय, मग शिवनेरी." मंडळी पायऱ्या उतरायला लागली.

मी काही बोलले नाही. माझ्या प्रश्नावलीतला चौथा प्रश्न होता, 'हे लेणे मूळ कोणत्या धर्मपरंपरेचे आहे?' त्यापुढे मी फुली मारली आणि पुढच्या कुटुंबाकडे वळले.

आता शेजारच्या लेण्यात काय आहे ते सांगते. सहा नंबरचं लेणं म्हणजे चैत्यगृह. आत स्तूप, दोन्ही बाजूंना खांब, खांबांच्या माथ्यावर प्राणी. तिथं एक छोटा ब्राह्मी लेख आहे. त्याचा अर्थ साधारण असा: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने हे चैत्यगृह दान दिलं. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा, सोनार म्हणा किंवा खजिनदार. म्हणजे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी कल्याणच्याच एका माणसानं या डोंगरात पैसा ओतला होता. कल्याणचं कुटुंब कल्याणच्या माणसाच्या दारावरून गेलं आणि ओळखपाळख न होताच परतलं.

ती ओळख करून देऊ शकणारी एकच व्यक्ती त्या वेळी तिथं होती. ती फुल्या मारत होती.

पेटची तयारी करणारे, सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण मला विचारतात, "समीक्षा करा, क्रिटिकली लिहा असं सगळे सांगतात. म्हणजे नक्की काय करायचं? चुका काढायच्या का?" आज तेच एका ओळखीच्या उदाहरणावर करून बघू. उदाहरण आहे जुन्नर-आंबेगावची एक दिवसाची कौटुंबिक सहल. तुम्हीही ती केली असेल. ती एक संहिता आहे असं समजून वाचू.

आधी संहिता काय म्हणते ते ऐका

समीक्षेची पहिली पायरी दोष काढण्याची नाही. समोरची गोष्ट काय करू पाहतेय, हे तिच्या बाजूनं सांगता आलं पाहिजे.

सहलीचा साचा ठरलेला आहे. पुण्याहून पहाटे निघायचं, मंचर किंवा नारायणगावला नाश्ता. मुंबई-कल्याणकडची मंडळी माळशेज घाट चढून येतात. लेण्याद्री, ओझर, शिवनेरी. पावसाळा असेल तर नाणेघाट किंवा भीमाशंकर. संध्याकाळी परत. यात अष्टविनायकातले दोन गणपती होतात, शिवरायांचं जन्मस्थान होतं, मुलांचा शाळेचा प्रोजेक्ट होतो आणि डबा झाडाखाली खाल्ला जातो.

हा साचा काही फार मोठ्या गोष्टी करतो. गुडघे दुखत असलेल्या आजीला तो डोलीत बसवून का होईना, लेण्यापर्यंत नेतो. ज्या माणसानं आयुष्यात कधी संग्रहालयाची पायरी चढली नाही, तो इथं संरक्षित स्मारकात चप्पल काढून आत जातो. त्यासाठी इंग्रजी यावं लागत नाही. तीन पिढ्या एका जागी उभ्या राहून एकच गोष्ट बघतात, असे प्रसंग आपल्याकडे किती उरलेत? शहरातल्या मोठ्या संग्रहालयांना हे साधत नाही. हे नोंदवल्याशिवाय पुढे गेलात, तर तुमची समीक्षा म्हणजे नुसता तोरा.

माझा आक्षेप: एक जागा, एक गोष्ट

आता आक्षेप. ही सहल प्रत्येक जागेला एकच गोष्ट वाटून देते. लेण्याद्री म्हणजे गिरिजात्मज. शिवनेरी म्हणजे शिवजन्म. नाणेघाट म्हणजे रांजण आणि उलटा धबधबा. बाकीचं सगळं गळतं.

लेण्याद्रीपासूनच बघा. गिरिजात्मज ज्या दालनात आहे तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. मध्ये एकही खांब नसलेलं प्रशस्त दालन आणि तीन बाजूंना राहायच्या खोल्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या खोल्या एक करून तिथं गणपती आहे. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इतकं सोपं होतं: बाळा, इथं पावसाळ्यात भिक्षू राहायचे, ज्याला त्याला एक खोली. हॉस्टेल म्हटलं असतं तरी त्याला कळलं असतं.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत अशी लहानमोठी दोनशेच्या आसपास कोरीव कामं आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यातही. तुळजा लेण्यांत गोल विधानाचं चैत्यगृह आहे, मध्ये स्तूप आणि भोवती खांबांचं कडं. असं आपल्याकडे फारच क्वचित दिसतं. पण तिथं अष्टविनायक नाही आणि शिवजन्मही नाही, म्हणून सहलीच्या यादीत ती लेणी येत नाहीत.

या लेण्यांतल्या लेखांमध्ये कोण कोण भेटतं? धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, म्हणजे त्यांची संघटना, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं देते. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणी आहेत. स्वतःला 'यवन' म्हणवणारे तिघे दाते आहेत. त्यातल्या इरिलानं दोन टाकी दिली, तर चिटानं संघासाठी भोजनमंडप. मानमोडीत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, टाकं आणि मंडप दिल्याचा, वर्ष ४६ नोंदवलेला. म्हणजे हे गाव तेव्हा बाजाराचं, सत्तेच्या ओढाताणीचं आणि लांबलांबच्या माणसांच्या ये-जा करण्याचं ठिकाण होतं.

शिवनेरीचं बघू. १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस आपल्यासाठी केवढा आहे हे सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये 'मराठा मिलिटरी लँडस्केप्स' या नावानं बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात शिवनेरी आहे. माझा आक्षेप शिवजन्माच्या गोष्टीवर नाही. ती गोष्ट एकटी उभी केली की तिचीच उंची कमी होते, असं माझं म्हणणं आहे. जिजाबाईंना बाळंतपणासाठी हाच गड का? या प्रश्नाचं उत्तर द्यायला निजामशाही लागते. मलिक अहमदनं १४९० मध्ये बहमनींपासून फुटून निघताना बस्तान बांधलं होतं ते जुन्नरलाच. अहमदनगर शहर त्यानंतरचं. त्याच्याही आधी, १५ व्या शतकात, अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नरला आला, पावसाळा इथंच काढला आणि इथल्या खानानं त्याचा घोडाच काढून घेतला. घोडा परत कसा मिळवला याची हकिकत त्यानं लिहून ठेवली आहे. सहावीतल्या मुलाला ही गोष्ट सांगून बघा. मग गडावरची कमानी मशीद, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी आणि कड्यातली लेणी ही वाटेतली अडगळ वाटणार नाहीत. एवढ्या सगळ्या सत्ता ज्या गडावरून आल्या-गेल्या, तिथं हे मूल जन्मलं, हे कळल्यावर शिवजन्म आणखी मोठा दिसतो.

फलकाला तीन प्रश्न

वारसास्थळावर आपल्याला भेटणारा पहिला मजकूर म्हणजे फलक. एक प्रकार निळा: हे स्मारक १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित आहे, नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तो कायद्याचा मजकूर आहे, आवश्यकही आहे. पण बऱ्याच ठिकाणी आत शिरणाऱ्या माणसाशी स्मारक पहिल्यांदा बोलतं ते धमकीच्या सुरात. दुसरा प्रकार माहितीचा: काळ, पंथ, लांबी-रुंदी, 'स्थापत्यदृष्ट्या महत्त्वपूर्ण'. कुणासाठी महत्त्वपूर्ण, ते लिहिलेलं नसतं.

असा कुठलाही फलक, व्हिडिओ, गाईडचं बोलणं किंवा शोधनिबंध समोर आला की तीन प्रश्न विचारा. हे कोण सांगतंय? कशावरून सांगतंय? आणि हे सांगताना काय गाळलं?

नाणेघाटावर करून बघू. घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. "यात जकातीची नाणी टाकायचे," असं प्रत्येक जण सांगतो. कोण सांगतंय? परंपरा, मग तिच्यावरून लिहिलेली पुस्तकं, मग पुस्तकांवरून केलेले व्हिडिओ. कशावरून? घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणांची यादी आहे. ब्राह्मी अंकांच्या जुन्या नमुन्यांत हा लेख मोजला जातो. पण ती यादी दानाची आहे, रांजणाची नाही. जकात इथं घेतली जात असेल, व्यापारी वाटेवर ते अगदी शक्य आहे. तरी 'शक्य आहे' आणि 'लेखात आहे' यात अंतर असतं. ते अंतर दाखवता येणं म्हणजे निम्मी पीएचडी.

आणि काय गाळलं? त्याच लेण्यात राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. राजा सिमुक, देवी नायनिका, राजा सातकर्णी, कुमार भाय अशी नावं अजून वाचता येतात. मूर्ती मात्र गेल्या, पावलांचे अवशेष तेवढे राहिले. शिवाय घाटात आणखी एक छोटा लेख आहे: सोपाऱ्याच्या गोविंददासानं टाकं दिल्याचा. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा! पावसाळ्यात नालासोपाऱ्याहून बाइकवर येणारी पोरं जिथं सेल्फी काढतात, तिथं त्यांच्याच गावच्या माणसानं वाटसरूंच्या पाण्याची सोय केली होती. कल्याणचा सुलसदत कोणत्या वाटेनं आला असेल? बहुधा याच. हा 'बहुधा' माझा आहे. तो खोडून काढायचा असेल तर पुरावा घेऊन या, मला आनंदच होईल.

मग दोष कुटुंबांचा का?

पहिल्या वर्षी मी असंच समजत होते. 'पर्यटकांमध्ये इतिहासाची जाण नाही' हे वाक्य माझ्या सिनॉप्सिसमध्ये होतं. गाईडनी (माझ्या, गडावरच्या नव्हे) त्याखाली लाल रेघ ओढून एवढंच लिहिलं: 'जाण कुणी द्यायची होती?'

तिथून माझा लिटरेचर रिव्ह्यू खऱ्या अर्थानं सुरू झाला. त्यातली तीन-चार नावं सांगते, कारण कौटुंबिक भेटींवर काम करायचं असेल तर ती तुम्हाला लागणारच. बोर्द्यू आणि दार्बेल यांनी १९६६ मध्ये युरोपातल्या कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकांवर पुस्तक लिहिलं. दार सगळ्यांना उघडं असलं तरी आत कोण जातं हे शिक्षण आणि घरचे संस्कार ठरवतात, असा त्याचा मथितार्थ. फॉक आणि डिअर्किंग यांनी १९९२ मध्ये मांडलं की संग्रहालयाचा अनुभव तीन गोष्टींतून घडतो: माणूस सोबत काय घेऊन येतो, कुणाबरोबर येतो, आणि जागा कशी आहे. फ्रीमन टिल्डनचं 'इंटरप्रिटिंग अवर हेरिटेज' १९५७ चं. त्याचा एक मुद्दा मी टेबलासमोर चिकटवून ठेवलाय. मुलांना सांगायचं म्हणजे मोठ्यांसाठीची माहिती पातळ करून वाढायची नाही, मांडणीच वेगळी करायची. आणि लॉराजेन स्मिथनं २००६ मध्ये दाखवलं की वारसा म्हणजे काय हे ठरवणारी एक अधिकृत, तज्ज्ञांची भाषा असते आणि ती बाकीच्यांचा आवाज बाजूला सारते.

ही पुस्तकं वाचताना एक धोका आहे. ती फ्रान्स-अमेरिका-ब्रिटनच्या अनुभवातून आलीत. तिथलं संग्रहालय आणि आपलं लेण्याद्री एक नाही. इथं स्मारकाचं तिकीट काढून माणूस देवाला जातो आणि वाटेत म्हणतो, "देवाच्या दर्शनाला तिकीट कसलं?" ही कुरकुर तुमच्यासाठी सोन्याचा डेटा आहे! एकाच दगडावर दोन हक्क आहेत, पुरातत्त्वाचा आणि श्रद्धेचा, आणि त्यांचं भांडण त्या खिडकीवर रोज होतं. सलोनी माथूर आणि कविता सिंग यांनी दक्षिण आशियातल्या संग्रहालयांवर संपादित केलेल्या २०१५ च्या पुस्तकाचं नावच 'नो टचिंग, नो स्पिटिंग, नो प्रेइंग' आहे. हात लावू नका, थुंकू नका, नमस्कार करू नका. आपल्याकडची माणसं तिन्ही करतात, आणि तिसऱ्याला गुन्हा म्हणायचं का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या बाजूची चूक

इथवर समीक्षा सहलीची आणि फलकांची झाली. आता आपली, म्हणजे संशोधकांची.

१८८० मध्ये फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा 'केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया' आला. १८८१ मध्ये बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख छापले. त्या कामाशिवाय सुलसदत आज कुणालाच माहीत नसता. मराठीत वाचायचं तर वा. वि. मिराशींचं सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरचं पुस्तक हाताशी ठेवा. या सगळ्यांचं ऋण मान्य करूनच पुढचं बोलते.

या परंपरेनं आपल्याला लेणं बघायची एक सवय लावली. नंबर द्यायचा, माप घ्यायचं, लेख वाचायचा, काळ ठरवायचा. नंतर आलेलं जे काही असेल, शेंदूर, घंटा, पणती, ते 'उत्तरकालीन' म्हणून एका ओळीत संपवायचं. म्हणजे कल्याणच्या बाबांनी विहार गाळला आणि आपण गणपती गाळला. एक जागा, एक गोष्ट! चूक तीच, फक्त आपली तळटिपांसकट.

याला उत्तर आपल्याच मातीत आहे. दा. ध. कोसंबींनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) मधल्या कामासाठी या भागातल्या वाटा पायी तुडवल्या. देवींची ठाणी, जुन्या व्यापारी वाटा, पायाखाली सापडणारी दगडाची सूक्ष्म हत्यारं आणि बौद्ध लेणी यांचा एकमेकांशी काय संबंध, हे ते तपासत होते. शेंदूर लावलेला तांदळा त्यांच्यासाठी अडथळा नव्हता, पुरावा होता. त्यांचे सगळे निष्कर्ष आज टिकतील असं नाही. पण बघायची रीत घ्यावी ती तिथून.

डिंभ्याचं पाणी

आता जे सांगणार आहे ते लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला.

माझ्या आजीचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे भीमाशंकरला निघालो होतो. आई-बाबा, मामा, आजी. घोडेगाव सोडल्यावर डिंभे धरणाचं पाणी दिसायला लागलं, तशी आजी म्हणाली, "जरा गाडी थांबव." मामांनी थांबवली. आजी काचेतून पाण्याकडे बोट करून सांगायला लागली: बाजार कुठं भरायचा, नदीवर धुणं कुठं धुवायच्या, कुणाचं घर कुठं. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते जुनं आंबेगाव या पाण्याखाली गेलं. तालुक्याचं नाव राहिलं, गाव गेलं. तिथं फलक नाही, तिकीट नाही, नंबर नाही.

माझ्या बॅगेत रेकॉर्डर होता. फिल्डवर्कसाठी नुकताच घेतलेला, पूर्ण चार्ज. मी तो काढला नाही. माझा विषय 'प्राचीन वारसास्थळे' होता ना! आजी पंधरा-वीस मिनिटं बोलली. मग मामा म्हणाले, "चला, दर्शनाची रांग वाढेल."

आजी आहे अजून. पण आता तिला नावं आठवत नाहीत. मागच्या महिन्यात मी रेकॉर्डर घेऊन बसले तर म्हणाली, "कुठलं गं आंबेगाव?"

त्याच तालुक्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. तिथं सहल काढावी असं मी म्हणत नाही. पण 'ऐतिहासिक स्थळ' या शब्दात काय बसतं आणि काय नाही, हे कोण ठरवतं, हा प्रश्न मला आता लेण्याद्रीपेक्षा डिंभ्याच्या काठावर जास्त बोचतो. त्या दिवशी आमच्या गाडीत जे चाललं होतं तीच खरी कौटुंबिक वारसाभेट होती. सांगणारी होती, ऐकणारे होते, जागा समोर होती. माझ्या सिनॉप्सिसच्या व्याख्येत ती बसली नाही, म्हणून मी ती घालवली.

तुम्ही काय कराल?

त्यानंतर मी जुनी प्रश्नावली बाजूला ठेवली. तीत सगळे प्रश्न परीक्षेचे होते: काळ सांगा, पंथ सांगा, राजा सांगा. उत्तर चुकलं की फुली. अशानं लोकांना काय माहीत नाही तेवढंच मोजलं जातं. ते काय बघतात, कसं बघतात, ते हाताला लागत नाही. आता मी तीनच गोष्टी विचारते. इथं यायचं कुणी ठरवलं? आत गेल्यावर घरातल्या कुणी कुणाला काय सांगितलं? आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही? शेवटच्या प्रश्नाला मुलं सगळ्यात जास्त बोलतात. (मुलांशी बोलण्याआधी पालकांची परवानगी घ्या. लेखी घ्या. हा सोपस्कार नाही, नियम आहे.)

तुमच्यासाठी एक सराव. पुढच्या सहलीला प्रश्नावली नेऊ नका, फक्त वही न्या. एका जागी अर्धा तास बसा. कुटुंबं कुठं थांबतात, कोण बोलतं, मूल काय विचारतं आणि त्याला काय उत्तर मिळतं, तेवढं लिहा. घरी आल्यावर त्यातून प्रश्न तयार करा. 'जुन्नरमधील पर्यटनाचे महत्त्व' हा प्रश्न नाही, निबंधाचा विषय आहे. 'लेण्याद्रीला येणाऱ्या कुटुंबात लेण्याबद्दलची माहिती कोण कुणाला देतं, आणि ती कुठून आलेली असते?' हा प्रश्न आहे. त्याला पद्धत सुचते, मर्यादा सुचतात, आणि तो चुकीचा ठरू शकतो. चुकीचा ठरू शकत नाही असा प्रश्न घेऊन इंटरव्ह्यूला जाऊ नका.

तुलनेसाठी दुसरी जागा हवी असेल तर नारायणगावजवळ खोडद आहे. तिथल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, आणि विज्ञान दिनाच्या सुमारास प्रकल्प लोकांसाठी खुला असतो. तिथं फलकापेक्षा माणसं जास्त बोलतात. मुलानं विचारलं तर उत्तर द्यायला समोर कुणीतरी असतं. शिवनेरीवर आणि खोडदला एकाच कुटुंबातलं मूल किती आणि कसले प्रश्न विचारतं, हे कुणी पाहिलं तर मला वाचायला आवडेल.

शेवटी, मागच्या रविवारची गोष्ट. पुन्हा लेण्याद्री. डोंबिवलीचं कुटुंब होतं. दर्शन झाल्यावर मी त्यांच्या मुलीला विचारलं, "शेजारच्या लेण्यात एक गंमत आहे, बघणार? ब्राह्मीत क म्हणजे अधिकचं चिन्ह. तसं कुठं दिसतंय का शोध." तिला वेळ लागला, पण सापडलं. मग मी सांगितलं, "यात कल्याणच्या माणसाचं नाव आहे." तिचे बाबा म्हणाले, "आपलं कल्याण?" आजी म्हणाल्या, "म्हणजे गणपतीच्या आधी इथं बुद्ध होते का गं?" मी म्हटलं, "हो, आणि बुद्धांच्या आधी इथं कोण होतं हेही लोक शोधतायत." आजींनी स्तूपाला हात जोडले आणि पायऱ्यांकडे निघाल्या.

तो नमस्कार कोणत्या रकान्यात लिहायचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. वहीत तारीख घालून तो तसाच लिहून ठेवलाय.